कोंडलेलं

जन्माचं नाव श्टेटिनर बानहोफ. चालू नाव नॉर्डबानहोफ, म्हणजे उत्तर स्थानक. मुक्काम बर्लिन. इनव्हालिडेनश्ट्रासे आणि गार्टनश्ट्रासे हे दोन रस्ते मिळतात तिथे, जमिनीखाली. जन्म जुलै १९३६ चा. दोन लांब फलाट, चार मार्गिका, डोक्यावर बसकं छत आणि वर रस्त्याकडे जाणारे जिने. चारचौघांत उठून दिसावं असा काही त्याचा बांधा नाही. बर्लिनमध्ये याहून देखणी स्थानकं पुष्कळ आहेत. पण शहराची वाटणी झाली तेव्हा याच्या वाट्याला जे आलं, ते कळल्यापासून मला देखण्या स्थानकांपेक्षा याचीच ओढ जास्त आहे.

२९ वर्षं आणि १९ दिवस या स्थानकातून गाड्या गेल्या आणि कुणालाही घेण्यासाठी वा सोडण्यासाठी एकही थांबली नाही. वीज होती, रूळ होते, फलाट होता. फलाटावर माणसंही होती, पण ती प्रवासी नव्हती. जर्मनीत अशा स्थानकांना ‘गाइस्टरबानहोफ’ म्हणू लागले, भुतांची स्थानकं. तो शब्द पुढे जगभर गेला. मला तो कधी पटला नाही. भूत व्हायचं तर आधी मरावं लागतं. हे स्थानक मेलंच नव्हतं. त्याला जिवंतपणी कोंडून ठेवलं होतं, आणि कोंडणाऱ्यांची नावं-गावं माहीत असताना भुतांवर खापर फोडणं मला बरोबर वाटत नाही.

घराणं तसं जुनं. वर, जमिनीवर, श्टेटिनर बानहोफ नावाचं भलंमोठं टर्मिनस होतं, १८४२ पासूनचं. श्टेटिन बंदराकडे आणि पुढे बाल्टिक समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या तिथून सुटत. उन्हाळा लागला की बर्लिनची कुटुंबं ट्रंका, टोपल्या, पोरंबाळं घेऊन समुद्रावर निघायची ती इथूनच. मे महिन्यात कोकणात निघालेल्यांची आपल्याकडे जी लगबग असते, तीच समजा. उत्तरेच्या गाड्यांचं टर्मिनस एका टोकाला आणि दक्षिणेच्या गाड्यांचं दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळं शहर, अशी बर्लिनची जुनी अडचण होती. म्हणून शहराच्या पोटातून उत्तर-दक्षिण बोगदा खणायचा आणि उपनगरी गाड्या, म्हणजे तिथली एस-बान, आरपार न्यायची असं ठरलं. १ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनमध्ये ऑलिंपिक सुरू व्हायचं होतं आणि त्याआधी बोगद्याचा निदान उत्तरेचा तुकडा चालू करायचा होता. काम घाईनं रेटलं गेलं. २० ऑगस्ट १९३५ रोजी ब्रांडेनबुर्ग दरवाज्याजवळ खोदकाम कोसळून १९ कामगार मेले. ऑलिंपिकच्या तोंडावर गाड्या मात्र सुरू झाल्या. ‘श्टेटिनर बानहोफ’ या नावानं हे तळघरातलं स्थानक उजेडात आलं ते असं.

नंतर युद्ध. १९४५ च्या मे महिन्यात, बर्लिन पडलं त्याच दिवसांत, लांडवेर कालव्याखाली बोगदा स्फोटानं फुटला आणि कालव्याचं पाणी आत शिरलं. बोगद्यातून पसरत ते फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकाजवळच्या जोडमार्गातून शहराच्या भुयारी मेट्रोतही, म्हणजे यू-बानमध्येही, गेलं. पाणी उपसून, गाळ काढून गाड्या पुन्हा चालू करायला १९४७ उजाडलं.

तोवर श्टेटिन पोलंडमध्ये गेलं होतं. जुलै १९५० मध्ये पूर्व जर्मनीनं पोलंडबरोबरची नवी सीमा करार करून मान्य केली. जे गाव आता आपलं नाही, त्याचं नाव राजधानीतल्या स्थानकावर कसं ठेवायचं? १ डिसेंबर १९५० पासून पाटी बदलली आणि श्टेटिनर बानहोफचं नॉर्डबानहोफ झालं. चौदाव्या वर्षी नाव बदललं. पुढे दोन वर्षांतच वरचं टर्मिनसही बंद पडलं, कारण तिथून सुटणाऱ्या गाड्यांचे रूळ लगेच फ्रेंचांच्या ताब्यातल्या भागातून, म्हणजे पश्चिम बर्लिनमधून जात होते. इमारत मोडकळीला आली, पुढे पाडली गेली. घर गेलं आणि तळघर तेवढं मागं राहिलं.

पण १९५० चं ते दशक या स्थानकासाठी धामधुमीचं होतं. नॉर्डबानहोफ पूर्व बर्लिनमध्ये आणि उत्तरेकडचं पुढचंच स्थानक, हुंबोल्टहाइन, पश्चिम बर्लिनमध्ये. मध्ये काही मिनिटांचा बोगदा. पूर्व जर्मनीतल्या माणसाला देश सोडायचा असेल तर रान तुडवावं लागत नव्हतं की तारा कापाव्या लागत नव्हत्या. वीस फेनिगचं तिकीट काढायचं, गाडीत बसायचं, पुढच्या स्थानकावर उतरायचं. मध्ये पोलीस डब्यात चढत, झडत्या घेत, कुणाच्या हातात मोठी बॅग दिसली की उतरवून घेत. म्हणून शहाणी माणसं एकही बॅग न घेता निघत. १९४९ ते १९६१ या काळात पूर्व जर्मनीतून सुमारे २७ लाख माणसं निघून गेली, आणि शेवटची काही वर्षं त्यांची मुख्य वाट बर्लिनच होती. त्यांतली किती या फलाटावरून गेली त्याची नोंद कोण ठेवणार? नेसत्या कपड्यानिशी, कामावर निघाल्याचा चेहरा करून, मनातल्या मनात शहराचा निरोप घेत इथे गाडीची वाट पाहणारी माणसं या फलाटानं पाहिली आहेत. तिकिटाच्या पैशांत देश सुटत होता. राज्यकर्त्यांना सलत होतं ते हेच.

१३ ऑगस्ट १९६१, रविवार. पहाटे शहर जागं झालं तेव्हा हद्दीवर काटेरी तारा पडल्या होत्या आणि नॉर्डबानहोफची दारं बंद होती.

आता यातली गुंतागुंत नीट ध्यानात घ्यायला हवी. हा बोगदा पश्चिम बर्लिनमध्ये सुरू होत होता, पूर्व बर्लिनच्या मध्यातून जात होता आणि पुन्हा पश्चिम बर्लिनमध्ये बाहेर पडत होता. दोन टोकं पश्चिमेत, पोट पूर्वेत. यू-बानच्या दोन मार्गांची, आज ज्यांना यू-६ आणि यू-८ म्हणतात त्यांची, हीच तऱ्हा होती. गाड्या बंद केल्या नाहीत. मधली स्थानकं बंद केली. यू-बानच्या बोगद्यांच्या वापरापोटी पश्चिम बर्लिन पूर्वेला वर्षाकाठी लाखो मार्क मोजत होतं आणि पूर्वेला त्या पश्चिमी चलनाची गरज होती. म्हणजे पैशाला वाट मोकळी होती.

एस-बानची गोष्ट तर याहून चमत्कारिक. युद्धानंतरच्या व्यवस्थेत सगळ्या बर्लिनची एस-बान चालवण्याचा हक्क राइखस्बानकडे, म्हणजे पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारी रेल्वेकडे, राहिला होता. भिंत उभी राहिली तरी पश्चिम बर्लिनमधली एस-बान पूर्वेचीच रेल्वे चालवत होती. जानेवारी १९८४ मध्ये ती पश्चिम बर्लिनच्या वाहतूक कंपनीकडे गेली. तोपर्यंतची २२ वर्षं, पूर्व जर्मनीच्या रेल्वेची गाडी, पूर्व जर्मनीच्या बोगद्यातून, पूर्व जर्मनीच्या स्थानकात यायची आणि न थांबता निघून जायची. शिवाय ती जवळपास रिकामी असायची. कारण भिंत उभी राहताच पश्चिम बर्लिनच्या कामगार संघटनांनी एस-बानवर बहिष्कार पुकारला होता. एस-बानचं तिकीट काढणारा काटेरी तारेचे पैसे भरतो, अशी त्यांची घोषणा होती, आणि लोकांनी ती मनावर घेतली. रिकामी गाडी, बंद स्थानक आणि अंधारा बोगदा. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं.

आपल्याकडे दादर सोडलं की मध्य रेल्वेची फास्ट लोकल शीवला थांबत नाही. फलाटावरची माणसं झर्रकन मागं पडतात, आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण मागून स्लो येणार आहे हे त्यांनाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. नॉर्डबानहोफला मागून येणारी स्लो नव्हती. हुंबोल्टहाइन सोडून गाडी बोगद्यात शिरली की तिचा वेग कमी व्हायचा. खिडकीबाहेर काळोख असायचा आणि मग एक फिकट, पिवळट उजेड. मोजके दिवे, रिकामा फलाट, एखाद्या खांबाआड गणवेशातली आकृती. गाडी पुढे सरकली की पुन्हा काळोख. पुढचं ओरानिएनबुर्गर श्ट्रासे तसंच. मग एकदम झगझगीत फ्रीडरिशश्ट्रासे, जिथे गाडी थांबायची.

फ्रीडरिशश्ट्रासेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते याच गल्लीतलं शेजारचं घर. तेही पूर्वेतच होतं, पण त्याला उघडं ठेवलं होतं. पश्चिमेचे प्रवासी तिथे एका गाडीतून उतरून दुसरी गाडी धरत. फलाटावर सरकारी दुकानं होती, तिथे पश्चिमी चलनात स्वस्त दारू आणि सिगारेटी मिळत. तिथूनच हद्द ओलांडून पूर्वेत जाता येई, आणि भेटीला आलेल्यांना निरोप द्यायची जी इमारत तिथे उभी राहिली तिला लोकांनी ‘आसवांचा महाल’ असं नाव दिलं. एकाच बोगद्यात, हाकेच्या अंतरावर, एका स्थानकाला कमावतं केलं आणि दुसऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला. दोन्हींचा वापरच झाला, पण मला वाटतं बोळा कोंबलेल्याचे हाल जास्त होते.

आता वर, रस्त्यावर चला. पूर्व बर्लिनच्या बाजूनं पाहिलं तर नॉर्डबानहोफ नव्हतंच. दारं बुजवली होती, पाट्या काढल्या होत्या. वरची जुन्या टर्मिनसची रेल्वेची जागा हद्दीच्या पट्ट्यात गेली होती, तिथे साध्या माणसानं फिरकायचं काम नव्हतं. पूर्व बर्लिनमध्ये छापलेल्या नकाशांवर हे बोगदे दाखवत नसत. मार्ग नाही, टिंब नाही, नाव नाही. पश्चिमेच्या नकाशावर मात्र ही स्थानकं होती, वेगळी खूण करून, आणि खाली खुलासा होता: ज्या स्थानकांवर गाड्या थांबत नाहीत ती. एका शहराचे दोन नकाशे, आणि या स्थानकानं कोणत्या नकाशावर विश्वास ठेवायचा? १९६१ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेलं मूल १९९० मध्ये २९ वर्षांचं झालं. तेवढ्या आयुष्यात घराखालच्या स्थानकाचं नाव त्याला नकाशात सापडलं नसतं. पण कानाला कोण अडवणार? हवेसाठी ठेवलेल्या जाळ्यांमधून खालच्या गाडीची घरघर वर ऐकू यायची, पायांखाली थरथर जाणवायची. कागदावरून पुसलेलं स्थानक दर थोड्या वेळानं आपण आहोत असं सांगत होतं. तोंड दाबलं तरी छाती धडधडायची थांबत नाही, तसं.

आणि आत? मला सगळ्यात जास्त रुतलेली गोष्ट आतली आहे. अशा स्थानकांत फलाटावर पहारा असे. पहारेकऱ्यासाठी विटांची खोली, खोली कसली, कोनाडाच. समोरच्या भिंतीत एक आडवी फट. त्या फटीतून त्यानं गाड्या आणि बोगदा पाहत राहायचं. सहसा दोघांना एकत्र ठेवत आणि शक्यतो एकमेकांची फार ओळख नसलेले दोघे निवडत, म्हणजे संगनमत नको. कारण पळून जायला सगळ्यात सोयीची जागा पहारेकऱ्याचीच होती. रूळ समोर, बोगदा समोर, काही मिनिटांवर पश्चिम. पहारेकरीच पळून गेल्याचे प्रकार झाले, तेव्हा काही ठिकाणी त्यांनाच आत घालून बाहेरून कुलूप लावायला सुरुवात झाली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. स्थानकाला कोंडायचं म्हणून माणूस बसवला, आणि त्या माणसाला कोंडलं. वीस-बावीस वर्षांचा एखादा पोरगा, सैन्यात सक्तीनं भरती झालेला, एका फटीतून दिवसभर पाहतोय: उजळलेले डबे येतात, त्यात कुणीतरी वर्तमानपत्र वाचत बसलंय, कुणी त्याच्याकडे पाहतंय, आणि डबे निघून जातात. गाडीतल्या माणसाला तो भूत वाटला. त्याला गाडीतला माणूस काय वाटत असेल?

रात्री गाड्या संपल्या की बोगद्यांची तोंडं लोखंडी दारांनी बंद करता येत. गाडी मध्येच बिघडली तर प्रवाशांनी आपण होऊन उतरायचं नाही, पूर्वेचे सीमा-पोलीस येऊन बाहेर नेईपर्यंत थांबायचं, असा दंडक होता. इतका बंदोबस्त असूनही वाट काढणारे निघाले. मार्च १९८० मध्ये पूर्व बर्लिनच्या यू-बानमधलाच एक कर्मचारी आपल्या घरच्यांना घेऊन एका जोडबोगद्यातून आजच्या यू-८ च्या रुळांपर्यंत पोहोचला, त्यानं येणाऱ्या पश्चिमी गाडीला हात केला आणि चालकानं गाडी थांबवून सगळ्यांना आत घेतलं. सगळा मुलूख चिणून घेतला होता, तरी एका चालकानं ब्रेक दाबायचं ठरवलं आणि तेवढ्यानं एका कुटुंबाची सुटका झाली. त्या चालकाबद्दल मला फार आदर वाटतो.

नॉर्डबानहोफच्या डोक्यावर तर हद्दीचा सगळ्यात जहरी तुकडा होता. जिना चढून बाहेर आलं की बेर्नाउअर श्ट्रासे जवळच. ज्या रस्त्यावर घरं पूर्वेत आणि फुटपाथ पश्चिमेत होता, तो हा रस्ता. भिंतीच्या पहिल्या दिवसांत लोक खिडक्यांतून फुटपाथवर उड्या मारत होते. २२ ऑगस्ट १९६१ ला इडा झीकमान ही ५८ वर्षांची बाई तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या खिडकीतून उडी मारून मेली. पुढे याच रस्त्याखालून लोकांनी हातांनी भुयारं खणली. सप्टेंबर १९६२ मध्ये एका भुयारातून २९ जण, ऑक्टोबर १९६४ मध्ये दुसऱ्यातून ५७ जण पश्चिमेत गेले. जवळच पक्का बांधलेला, वीज असलेला, चालू बोगदा होता, आणि माणसं फावड्यांनी माती उकरत होती. नॉर्डबानहोफ कशासाठी बांधलं होतं ते आठवलं की या गोष्टीनं जीव तुटतो. माणसांना शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावं, एवढ्याचसाठी.

९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत उघडली. दोनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, यू-८ वरचं यानोविट्सब्र्युके हे बंद स्थानक प्रवाशांसाठी खुलं झालं, कोंडलेल्यांतलं पहिलं. डिसेंबरात रोझेनथालर प्लाट्स, एप्रिलमध्ये बेर्नाउअर श्ट्रासे. १ जुलै १९९० ला, दोन्ही जर्मनींचं चलन एक झालं त्याच दिवशी, यू-बानची उरलेली बंद स्थानकं उघडली. काही ठिकाणी भिंतींवर १९६१ च्या जाहिराती तशाच होत्या. नॉर्डबानहोफची पाळी १ सप्टेंबर १९९० ला आली. जर्मनी एक व्हायला अजून महिनाभर होता. याच बोगद्यातल्या पॉट्सडामर प्लाट्सला तर १९९२ चा मार्च पाहावा लागला.

नॉर्डबानहोफचं एक जुळं भावंडही होतं, त्याच नावाचं यू-६ वरचं स्थानक, तेही कोंडलेलं. सुटका झाल्यावर त्याला १९९१ मध्ये नवं नाव मिळालं, २००९ मध्ये आणखी एक. आज तिथे उतरणाऱ्याला जुनं नाव पाटीवर सापडत नाही. आपल्या नॉर्डबानहोफनं मात्र नाव सोडलं नाही. वरच्या ओसाड रेल्वे-जमिनीवर माणसांचा पाय नव्हता त्या वर्षांत झाडोरा आपोआप माजला होता, तिथे आता बाग आहे. बागेच्या कडेला, गार्टनश्ट्रासेला लागून, भिंतीचे तुकडे अजून उभे आहेत. समोर भिंतीच्या स्मारकाचं माहिती केंद्र आहे.

स्थानकाच्या आत, जिना आणि फलाट यांच्या मधल्या मजल्यावर, या कोंडलेल्या स्थानकांचं कायमचं प्रदर्शन लावलं आहे: ते दोन नकाशे, ते विटांचे कोनाडे, बुजवलेल्या दारांचे फोटो. तिथे तिकीट नाही, रांग नाही. कामावर निघालेली माणसं त्या फलकांना वळसा घालून घाईनं खाली उतरतात, आणि मला ते फार आवडतं, कारण स्थानकाला प्रवासी हवे असतात. पाहुण्यांनी मात्र तिथे थांबायला हवं.

म्हणून बर्लिनला गेलात तर ब्रांडेनबुर्ग दरवाजा पाहून झाल्यावर तिथूनच उत्तरेकडे जाणारी एस-बान पकडा. फ्रीडरिशश्ट्रासे, ओरानिएनबुर्गर श्ट्रासे आणि मग नॉर्डबानहोफ. तिथे उतरा. एस-१, एस-२, एस-२५ आणि एस-२६ या चारही मार्गांच्या गाड्या आता तिथे थांबतात.